'आधी ठोके पडले' : अचानक झालेल्या एका सिझरचा प्रकरण अभ्यास

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भावानं नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'कन्यारत्न. बाळ-बाळंतीण सुखरूप.' खाली धडाधड अभिनंदनं, हात जोडलेले, पेढ्यांची मागणी. त्या घडीला बाळंतीण टेबलावर होती, टाके अजून चालू होते. बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी. मजकूर खोटा नव्हता. पण पुढचे सहा आठवडे तिनं तोंड उघडलं की घरातलं कुणी ना कुणी तेच वाक्य तिच्यापुढं ठेवायचं, आणि ती गप्प व्हायची.

मी सांगली-मिरज भागात बाळंतपणानंतरच्या बायकांशी बोलायचं काम करते, समुपदेशन म्हणा. ही हकीकत तिच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही. माहेरी तिला लहानथोर सगळे 'ताई' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ताई सव्वीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. माहेर तासगाव तालुक्यात, द्राक्षबागायतदाराचं घर. सासर खानापूर तालुक्यातलं आणि नवरा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. दुकान तमिळनाडूत. विट्याच्या बाजूला ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गावंच्या गावं या धंद्यावर परमुलखात आहेत. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. नऊ महिने सगळं सरळ होतं. रक्तदाब ठीक, साखर ठीक, शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं खाली. आज्जीनं पाच लेकरं घरातच, सुईणीच्या हातून काढलेली. "आमच्यात कुणाचं पोट फाडलं न्हाई," हे ती अभिमानानं सांगायची. ताईनंही शेवटच्या महिन्यात रोज चालणं, उकिडवं बसून फरशी पुसणं, दुधात तूप, सगळं केलं. तिची तयारी कळांसाठी होती. सिझरचा शब्द तपासणीला गेल्यावर कधी निघालाच नाही. डॉक्टरांनी काढला नाही आणि हिनं विचारला नाही, अपशकुन नको म्हणून.

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, बागांची तोड जोरात. रात्री दोनला ताई उठली आणि पाणी गेलं. वडील पहाटेच्या तोडीच्या गडबडीत, म्हणून भावानं गाडी काढली. सांगली पंचवीसएक किलोमीटर. ओळखीच्या डॉक्टरांचं खासगी रुग्णालय आधीच ठरलेलं होतं. नर्सनं तपासून 'दोन बोटं' सांगितलं, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड तेवढंच उघडलेलं. तीनच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. आईला बाहेर बसवलं, आत कुणाला सोडत नाहीत म्हणाले. सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ तिच्या विश्वासाची एक बाई असावी अशी केंद्र सरकारची सूचना २०१६ पासून आहे. खासगीत ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पुढं जे झालं त्यातलं निम्मं, आई आत असती तर टळलं असतं असं माझं मत आहे. ऑपरेशन टळलं नसतं. एकटेपण टळलं असतं.

सकाळी कळांचं सलाईन लावलं. दुपारी दीडला सहा सेंटिमीटर, अडीचला सात. मग सातवरच अडकलं. पोटाला पट्टा बांधून ठोक्यांचं मशीन लावलेलं होतं, त्याचा आवाज खोलीभर. पोटातल्या बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० असतात. ऐकायला पळत्या घोड्यासारखे. ताईला तो आवाज आवडायला लागला होता, कळ आली की ती त्यावर लक्ष धरायची. साडेचारनंतर कधीतरी घोडा थबकायला लागला. कळ ओसरली तरी आवाज लगेच सावरत नव्हता. "सगळे मशीनकडं बघत होते," ताई म्हणाली. "माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मी विचारलं काय झालं, तर सिस्टर म्हणाल्या, काही नाही, तुम्ही कुशीवर वळा."

कुशीवर वळवलं, तोंडाला मास्क लावला. ताई तेव्हा चौदा तास कळा देत होती. "मला नाही जमत आता, काय करायचं ते करा," असं ती ओरडली. थोड्या वेळात डॉक्टर आल्या, तपासलं आणि म्हणाल्या, "चला, सिझर करू, वेळ नको." हे वाक्य आणि आपलं ओरडणं ताईच्या मनात एकाला एक चिकटलं. आपण हरलो, म्हणून कापलं.

एका पाटीवर कागद पुढं आला आणि हातात पेन दिलं. वाचायची वेळ नव्हती, ते मला मान्य आहे. पण त्याच कागदावर तिच्या सहीसोबत वडिलांची आणि भावाची, अशा तीन सह्या होत्या आणि नवऱ्याचा व्हिडिओ कॉलवर होकार घेतलेला. आपल्याकडं बाईच्या पोटावरचा निर्णय घरच्या पुरुषांना समजावून सांगायचा आणि बाईकडं फक्त पेन द्यायचं, ही सवय फार मुरलेली आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या वतीनं तिच्या आईचीही संमती चालत नाही. दोन मिनिटं तिला मिळायला हवी होती. "बाळाचे ठोके कमी होताहेत, खालून वेळ लागेल, वरून काढू," एवढं बोलायला पंधरा सेकंद पुरतात.

ऑपरेशन थिएटरबद्दल ती पहिल्या भेटीत काहीच बोलली नाही. दुसऱ्या भेटीत बोलली ते तुटक. पाठ गोल करा, हनुवटी छातीला लावा, हलू नका. आणि नेमकी तेव्हाच कळ. पाठीतली सुई. पायांतून गरम काहीतरी उतरत गेलं आणि पाय आपले राहिले नाहीत. दोन्ही हात बाजूला पसरलेले, दात वाजत होते, थंडी थांबेना. पाठीतल्या भुलीनंतर असा थरकाप पुष्कळ जणींना होतो. पण हे आधी सांगितलं नसलं की बाई समजते, आपण मरतोय. दुखत नव्हतं, पण पोटात कुणीतरी कपाट ओढावं तशी ओढाताण जाणवत होती. त्यातच डोक्याकडं उभं असलेलं कुणीतरी हिरव्या पडद्यापलीकडं कुणाला तरी विचारत होतं, "सोनाका द्राक्षाला काय दर लागला यंदा?"

इथं ताई हसली. मला वाटलं रडेल. "मॅडम, आमच्या बागेत सोनाकाच आहे. मला दर म्हाईत होता. आणि मला बोलता येत नव्हतं."

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. सांगली भागात बऱ्याच डॉक्टरांची बाग असते, आणि रोज चार पोटं उघडणारा माणूस हातांनी काम करता करता बोलणारच. पण तिथल्या एका माणसासाठी तो दिवस रोजचा नव्हता, आणि ते माणूस शुद्धीवर होतं.

बाळ निघालं, रडलं नाही. ताईनं तीनदा विचारलं, "रडत का नाही?" उत्तर नाही. मग कोपऱ्यातून बारीक कुरकुर ऐकू आली आणि पावलं दाराकडं पळाली. बाळानं पोटात शी केली होती, श्वास जोरात चालला होता, म्हणून पेटीत नेलं. हे तिला रात्री दहाला आईकडून कळलं. बाळाचं तोंड तिनं पहिल्यांदा पाहिलं ते भावाच्या मोबाइलवर. मोबाइलच्या काचेला तडा होता, तो बरोबर बाळाच्या कपाळावरून डोळ्यापर्यंत आलेला. "मला कितीतरी वेळ वाटलं, पोरीच्या कपाळाला लागलंय."

प्रत्यक्ष बाळ हातात आलं दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. तोवर बाळाला मावशीनं, आत्यानं, सासूबाईंनी आणि शेजारच्या खोलीतल्या बाईनंसुद्धा पाहिलं होतं.

त्यानंतरचं सगळं घरात घडलं, आणि या प्रकरणात मला जास्त महत्त्वाचं तेच वाटतं.

तिसऱ्या दिवशी पान्हा आला आणि त्यासोबत रडू. तिसऱ्या ते पाचव्या दिवसातलं हे रडू बहुतेक बाळंतिणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ताईचं ओसरलं नाही. आई म्हणायची, "रडू नको, डोळं अधू व्हत्यात." पाचवीच्या दिवशी घरी सोडलं. रात्री सटवाईची पूजा झाली, पाटावर कोरी वही आणि पेन ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून बाळाला न्हाऊ घालायला गावातली बाई यायला लागली. ती बाळाला तेल लावायची, पाय ओढून सरळ करायची, वावडिंगाची धुरी द्यायची. ताईकडं वळायचीच नाही. सिझरवालीला मालिश नाही, शेक नाही, पोट बांधणं नाही. बाजलं नाही, खाली शेगडी नाही. टाक्यांत पू होईल म्हणून भात नाही, डाळही नाही. अळिवाची खीर मात्र मिळाली. ताई मला म्हणाली, "मी बाळंतीण वाटतच नव्हते. ऑपरेशनचा पेशंट. अपेंडिक्सचा असतो तसा." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. आपल्याकडं बाईला आई म्हणून उभं करण्याचं काम बाळ करत नाही, ते घरातल्या बायकांचे हात करतात. ते हातच मागं घेतले गेले होते.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न एकच, "नॉर्मल का सिझर?" उत्तर ऐकून चेहरा पडायचा, मग "असू दे, हल्ली सगळ्यांचंच होतं." आज्जी एकदा म्हणाली, "पोरीनं कळा सोसल्याच न्हाईत." सासूबाई तशा प्रेमळ, पण त्यांनी फोनवर कुणाला तरी सांगितलेलं ताईनं ऐकलं, "पैशासाठी करत्यात गं आता."

हा संशय हवेतून आलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात सिझरचं प्रमाण २०१५-१६ ला १७.२ टक्के होतं, ते २०१९-२१ ला २१.५ टक्के झालं. महाराष्ट्रात २५.४. देशभरातल्या खासगी रुग्णालयांचं वेगळं काढलं तर ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. एवढी तफावत असली की लोक बोलणारच. पण गरज नसताना केलेल्या सिझरांची बदनामी ज्या बाईला खरंच गरज होती तिच्याही डोक्यावर येऊन बसते, आणि तिच्याकडं पुरावा नसतो. ताईच्या बाबतीत पैशाचा आणखी एक काटा होता. वडिलांनी बिल भरलं ते द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन. "बापाच्या पेट्यांचा पैसा माझ्या पोटात गेला," असं ती म्हणायची. सरकारी दवाखान्यात २०११ पासून सिझरसुद्धा मोफत आहे हे तिला कुणीतरी नंतर सांगितलं. तेवढं ऐकायचं बाकी होतं.

मग रात्रीची झोप गेली. बाळ झोपलं तरी ही जागी, हात बाळाच्या छातीवर. आणि पंपाचं प्रकरण. शेजारच्या बागेत फवारणीचा पंप चालायचा, एकसुरी ठक-ठक-ठक. तो बंद करताना आवाज हळूहळू मंदावायचा. मंदावला की ताईला दरदरून घाम फुटायचा, ती बाळाकडं धावायची. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे. अंगाराही लावला.

गावातल्या आशाताईंची नजर पडली म्हणून हे माझ्यापर्यंत आलं. सिझरनंतर त्यांच्या भेटी सातव्या दिवसापासून सुरू होतात. ७, १४, २१, २८ आणि ४२. एकविसाव्याला त्यांना ताई गप्प वाटली. बेचाळिसाव्याला त्यांनी कागद मिटून ठेवला आणि नुसतं विचारलं, "झोप लागते का गं?" ताई रडायला लागली ती अर्धा तास. त्या आठवड्यात बाळाच्या लसीच्या निमित्तानं आई तिला माझ्याकडं घेऊन आली.

पहिल्या भेटीत मी एडिंबरो प्रश्नावली भरून घेतली. १९८७ साली तयार झालेली, दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दल विचारते. गुण ० ते ३०. तेरा किंवा जास्त आले तर नैराश्याची दाट शक्यता धरतात, निदान मात्र त्यावरून करत नाहीत. ताईचे चौदा आले. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला तिनं 'कधीच नाही' म्हटलं, आणि मी तो तोंडी पुन्हा विचारला. मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी लगेच औषध दिलं नाही, पंधरवड्यानं बोलावलं, रात्रीचं एक पाजणं ताईच्या आईनं, आधी काढून ठेवलेल्या दुधावर, सांभाळावं आणि ताईनं सलग चार-पाच तास झोपावं असं लिहून दिलं. चिठ्ठीवर लिहून दिलं म्हणून घरात ते पाळलं गेलं. आईला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबरही दिला, रात्री-अपरात्री लागला तर असावा म्हणून.

माझी चूक इथं सांगायला हवी. पहिल्या दोन भेटींत मी धीर देत बसले. तुझी चूक नाही, तू शूर आहेस, बाळ छान आहे. ताई मान हलवायची आणि तिच्यात काही हलायचं नाही. तिसऱ्या भेटीत ती जरा चिडूनच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तिथं नव्हता. तुम्हाला काय म्हाईत कुणाची चूक ते." बरोबर होतं. तिला धीर नको होता, हकीकत हवी होती. त्या संध्याकाळचे तुकडे तिच्याकडं होते, क्रम नव्हता. आणि क्रम नसलेल्या जागी तिनं स्वतःला आरोपी म्हणून बसवलं होतं. ज्या बाईची तयारी नाही तिच्याकडून बाळंतपण उकरून काढू नये, त्यानं बिघडतं. पण इथं मागणी तिची होती.

रुग्णालयाकडं केसपेपरची प्रत मागितली. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत ती द्यायची, असा २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत नियम आहे. अर्ज लिहिताना तो उल्लेख केला. दोन दिवसांत प्रत मिळाली. ताईनं घरातली वही आणली, पाचवीला पाटावर ठेवलेली. पानावर डाव्या बाजूला केसपेपरातल्या वेळा मी सांगत गेले, उजव्या बाजूला तिला काय आठवतं ते ती लिहीत गेली.

४.३५. ठोके ९०, कळेनंतर उशिरा सावरले. उजवीकडं : 'मशीनकडं बघत होते.'

४.५०. सलाईन बंद, डाव्या कुशीवर, ऑक्सिजनचा मास्क. उजवीकडं : 'वळा म्हणाल्या.'

५.०५. पाणी हिरवट. गर्भपिशवीचं तोंड सातच सेंटिमीटर. बाळाचं तोंड वरच्या बाजूला, डोक्याला सूज.

५.१०. सिझरचा निर्णय. ५.४८. मुलगी, २ किलो ९०० ग्रॅम.

ताईचं पेन ४.५० वर थांबलं. कितीतरी वेळ ती काही लिहीना. मग म्हणाली, "मी जमत नाही म्हणाले तेव्हा मास्क तोंडावर होता. बोलायला मी तो हातानं वर केला होता."

मी काही बोलले नाही.

"म्हणजे आधी ठोके पडले. मग मी म्हणाले."

तिनं ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. सहीचा कागद पाहिला तेव्हाही ती थांबली. तिच्या सहीची शेवटची वेलांटी चौकटीबाहेर, कागदाच्या काठापर्यंत गेली होती. "कळ आली असणार," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनीही ताईशी बोलायला वीस मिनिटं दिली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी सांगितलं ते असं. बाळ आकाशाकडं तोंड करून बसलं होतं, त्यामुळं डोकं नीट उतरेना. सलाईन थांबवून, कुस बदलूनही ठोके सावरेनात. निर्णयापासून बाळ बाहेर यायला अडतीस मिनिटं लागली. टाका आडवा आणि खालच्या बाजूला आहे, म्हणजे दुसऱ्या खेपेला नॉर्मलचा विचार करता येईल, तेव्हाची परिस्थिती पाहून. ताईनं विचारलं, "मला तेव्हाच का सांगितलं नाही?" डॉक्टर जरा थांबल्या. "तेव्हा आम्ही सगळे बाळाकडं बघत होतो." ताईला हे उत्तर पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नाही. पण खरं होतं, आणि खरं उत्तर तिला पहिल्यांदाच मिळत होतं.

घरच्यांसोबत एकच बैठक घेतली. आज्जीला कागदावरच्या वेळा वाचून दाखवल्या. पहाटे तीनपासून म्हटल्यावर तिनं बोटांवर तास मोजले. मोजून झाल्यावर तिची दोन नंबरची पोर कशी पायाळू होती आणि कशी जन्मतानाच गेली, हे तिनं त्या घरात पहिल्यांदा सांगितलं. पाच लेकरं म्हणायची ती जगलेली पाच होती. ताईच्या आईलाही हे ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांना विचारून, टाका सुकल्यावर न्हाऊ घालणारी बाई ताईच्या पाठीला आणि पायांनाही तेल लावायला लागली. पोटाला हात नाही, शेगडीचा धूर नाही, नुसतं कोमट तेल आणि कढत पाणी. आठवडाभर रोज. नवरा महिनाभराच्या सुट्टीवर आला. त्याला त्या व्हिडिओ कॉलबद्दल विचारलं तर म्हणाला, दुकानात भट्टी पेटलेली होती, आवाजात नीट ऐकूच आलं नाही, नुसतं 'करा, करा' म्हटलं. आणि मग रात्रभर रेल्वेत बसून विचार करत होतो, कशाला हो म्हटलं आपण. हेही ताईला माहीत नव्हतं.

चौथ्या महिन्यात प्रश्नावलीचे गुण सहा आले. औषधाची गरज पडली नाही. त्या रुग्णालयासमोरच्या रस्त्यानं ताई अजून जात नाही, रिक्षावाल्याला लांबून न्यायला सांगते. पंप मंदावला की अजून कान टवकारतात, पण धावत नाही.

मागच्या भेटीला ती माझ्या बाहेरच्या बाकड्यावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं विचारलंच, "नॉर्मल का सिझर?"

"पंधरा तास कळा," ताई म्हणाली, "मग सिझर."

"अगंबाई, म्हंजे दोन्हीकडनं!" असं म्हणून त्या बाईनं पिशवीतून केळं काढलं आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं.